पहिल्या मिनिटाची तालीम

जन्मलेल्या दर १० बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करण्यासाठी मदत लागते. बहुतेक वेळा कोरड्या फडक्याने नीट पुसून पाठ चोळली की बाळ रडते. तेवढ्याने भागले नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत अँबू बॅगचा (हाताने दाबून फुप्फुसांत हवा देणाऱ्या पिशवीचा) मास्क नाकातोंडावर घट्ट बसवून मिनिटाला सुमारे ४० वेळा हवा द्यावी लागते.

हेच कौशल्य शिकवण्यासाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम आणला. त्यातील सरावाची बाहुली पाण्याने भरली की हातात खऱ्या बाळासारखी जड लागते. प्रशिक्षक एक फुगा दाबत राहतो आणि शिकणाऱ्या परिचारिकेच्या बोटांना नाळेतले ठोके जाणवतात. मास्कच्या कडेने हवा निसटली, तर बाहुलीची छाती वर येत नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते.

उत्तर टांझानियातील हायडम रुग्णालयात हे प्रशिक्षण एका दिवसात दिले गेले. सात महिन्यांनी तपासले, तेव्हा बाहुलीवरचे काम पूर्वीपेक्षा सुधारलेले होते, पण प्रत्यक्ष प्रसूतिगृहातील उपचारांत बदल दिसला नाही. मला या प्रयोगाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रमाणपत्र देऊन मोकळे होणारी शिबिरे इथवर पाहतच नाहीत. प्रसूतिगृहात आईचा रक्तस्राव चालू असतो, मदतीला दुसरे कोणी असेलच असे नाही आणि आठवण्याइतकी उसंत नसते. हाताला सवय असेल तेवढेच घडते.

म्हणून तेथे पद्धत बदलण्यात आली. कामाच्या जागीच आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव आणि महिन्याला ४० मिनिटांची उजळणी सुरू झाली. त्यानंतर पहिल्या २४ तासांतील बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. ही आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना असल्याने सगळे श्रेय सरावालाच देता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

आपल्या शेजारी, बेळगाव परिसरात, याच अभ्यासक्रमानंतर मृतजन्मांचे प्रमाण घटल्याचे आढळले. वरकरणी हे चमत्कारिक वाटते, कारण जन्मानंतरच्या उपचाराने पोटातला मृत्यू टळत नाही. पण हालचाल न करणारे, निळे पडलेले बाळ पूर्वी ‘मृत जन्मले’ म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असे. नाळ चाचपायला शिकलेल्या बोटांना त्यांतल्या काहींचे ठोके लागतात.