संपलेल्या शर्यतीवर पैसे लावायचं मशीन

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत केंटकीमध्ये लुइव्हिलला असतो, त्याने मागे एका हॉलमधला व्हिडिओ पाठवला. रांगेने मशीन्स, लाल-पिवळे लाईट, चित्रांची गरगर फिरणारी चाकं, म्हणजे गोव्याच्या कसिनोत असतात तसलेच स्लॉट. मी म्हटलं कसिनोत गेलास वाटतं, तर म्हणे छे, कायद्याने ही घोड्यांची रेस आहे! आता यात घोडा कुठंय? झूम करून पाहिलं तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट दिसली आणि तिच्यात दोनेक सेकंद घोडे पळाले. बरं ती रेससुद्धा आजची नाही, काही वर्षांपूर्वीच धावून झालेली.

याला तिकडे हिस्टॉरिकल हॉर्स रेसिंग म्हणतात. सुरुवात झाली 2000 साली, आर्कन्सॉ राज्यातल्या ओकलॉन पार्क या रेसकोर्सवर. कसिनो गिऱ्हाईक पळवत होते, आणि खऱ्या रेसमध्ये दोन शर्यतींच्या मधे चांगला अर्धा तास जातो, तेवढ्यात स्लॉटवाला शंभर वेळा बटण दाबून मोकळा होतो. मग कोणीतरी विचार केला की धावून झालेल्या हजारो शर्यतींचे व्हिडिओ आणि निकाल पडूनच आहेत, त्याच परत खेळवल्या तर? तुम्ही पैसे टाकले की मशीन त्या साठ्यातून कुठलीही एक शर्यत उचलतं, घोड्याचं नाव, जॉकी, तारीख, रेसकोर्स सगळं झाकतं (नाहीतर लोक मोबाईलवर निकाल शोधतील की), आणि तुम्हाला पहिला-दुसरा-तिसरा निवडायला लावतं. हवं असेल तर जॉकी किती टक्के शर्यती जिंकतो वगैरे आलेख बघता येतात. बघतं कोण? बहुतेक जण मशीनलाच निवडायला सांगतात आणि बटण दाबतात. खेळ झाल्यावर झाकलेली नावं उघड होतात, मी भावाला विचारलं कुठला घोडा जिंकला, तर म्हणाला नाव आलं असेल रे, पण तोवर मी पुढचं बटण दाबलं होतं.

यातली गंमत म्हणजे रँडमपणा येतो कुठून. साध्या स्लॉटमध्ये आत एक प्रोग्राम सतत आकडे काढत असतो आणि तोच निकाल ठरवतो. इथे निकाल ठरवतात ते जुने घोडे, फिरणारी चाकं नुसती सजावट, आधी घोड्यांचा क्रम बघायचा आणि मग त्याला शोभेल अशी चित्रं लावायची. आठ घोडे असतील तर पहिल्या तिघांचा क्रम 8 × 7 × 6 म्हणजे 336 प्रकारे लागू शकतो. पण हे 336 प्रकार सारख्याच शक्यतेचे नसतात. ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो फेवरिट साधारण तीनातली एक शर्यत मारतो, म्हणजे गर्दीला बऱ्यापैकी कळत असतं. मशीन तुमच्या वतीने निवडतं तेव्हा हेच वापरता येतं, त्या दिवशी लोकांनी ज्यांच्यावर पैसे लावले होते त्या क्रमाने घोडे मांडायचे.

पण कोर्टकज्जे झाले ते यावरून नाही, ते झाले पैसे कोणाच्या खिशातून येतात यावरून. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला गेलेल्या माणसाला हे पटकन कळेल, तिथे बुकीही असतो आणि टोटही असतो. बुकीकडे लावलं की तुमची लढाई बुकीशी, भाव त्याने दिलेला, तुम्ही जिंकलात तर पैसे त्याचे जाणार. टोटवर लावलं की लढाई बाकीच्या पब्लिकशी. दहा जणांनी शंभर-शंभर लावले, हजार जमले, क्लबने समजा दोनशे कापले, उरले आठशे. जिंकलेल्या घोड्यावर दोघांनीच लावलं असेल तर प्रत्येकी चारशे, आठ जणांनी लावलं असेल तर शंभरच, म्हणजे जिंकूनसुद्धा फक्त आपलेच परत. कुठलाही घोडा येवो, क्लबचे दोनशे कुठे जात नाहीत. ही पद्धत 1860च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने काढली, त्याच माणसाने पुढे मूलाँ रूज हे तिथलं प्रसिद्ध नाचगाण्याचं थिएटरही काढलं. टोटच्या भावाचा हिशोब यंत्राने करायची सोय जॉर्ज ज्युलियसने केली, मूळ यंत्र मतं मोजायला बनवलं होतं, सरकारला ते नको होतं, मग 1913 मध्ये ते न्यूझीलंडच्या रेसकोर्सवर बसलं.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कसिनोला बंदी पण टोट पद्धतीच्या रेसला परवानगी, म्हणून मशीनवाल्यांना हे स्लॉट नाही, टोट आहे असं दाखवणं भाग होतं. आणि इथेच घोळ आहे. खऱ्या टोटमध्ये सगळे एकाच शर्यतीवर लावतात. मशीनवर मी आत्ता एक शर्यत खेळतोय, शेजारचा भलतीच, तिसरा उद्या येणार. मग पैसे वाटायचे कसे? तर प्रत्येकाच्या पैशातला थोडा थोडा भाग वेगवेगळ्या गल्ल्यांत टाकायचा, तिन्ही घोडे बरोबर क्रमाने आले तर मोठा गल्ला, कमी जुळलं तर छोटा, आणि ज्याचं जुळेल तो उचलेल. ठीक आहे, पण गल्ला नुकताच रिकामा झाला आणि लगेच दुसऱ्याचं जुळलं तर? म्हणून सुरुवातीचं विरजण रेसकोर्सवाला स्वतःच्या खिशातून घालतो. आणि मालकाचे पैसे आत गेले की विरोधक म्हणणार, मग हा बुकीच झाला की!

वायोमिंगच्या सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये सरळ सांगितलं की हे टोटचं सोंग घेतलेलं स्लॉट मशीन आहे, आम्ही फसणार नाही. आयडाहोत तर वेगळाच तमाशा, 2015 मध्ये विधिमंडळाने परवानगी काढून घेतली, गव्हर्नरने त्यावर व्हेटो मारला, पण मुदत संपल्यावर, म्हणून कोर्टाने व्हेटोच बाद केला.

केंटकीत मात्र दहा वर्षं चाललं. 2010 मध्ये तिथल्या रेसिंग कमिशनने नियम केले, 2011 मध्ये केंटकी डाउन्स या रेसकोर्सवर मशीन्स सुरू झाली, एका संस्थेने कोर्टात विरोध केला. 2014 मध्ये राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणालं कमिशनला नियम करायचा अधिकार आहे, पण हा खेळ खरंच टोट आहे का ते खालच्या कोर्टाने तपासावं. खालच्या कोर्टाने 2018 मध्ये हो म्हटलं. सप्टेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने नाही म्हटलं: खेळणारे एका शर्यतीवर लावत नाहीत, भाव ते आपापसात ठरवत नाहीत, आणि सुरुवातीचे पैसे मालकाचे. लेक्सिंग्टनच्या रेड माइल रेसकोर्सने जानेवारी 2021 मध्ये मशीन्स बंदच केली.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या रस्त्याने जातो. 1996 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ मानला, कारण घोड्याची वंशावळ, फॉर्म, जॉकी हे सगळं अभ्यासता येतं. नाव, तारीख झाकून दोन सेकंदात निवडायला लावणारं मशीन त्या कसोटीला कितपत उतरेल, मला तरी शंका आहे. केंटकीत कौशल्याचा मुद्दा फारसा आलाच नाही, सगळं भांडण गल्ल्याचं.

आणि ते मिटवलंही गल्ल्यातच. मशीनला हात न लावता फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या विधिमंडळाने टोटची व्याख्याच बदलली: शर्यत आधी धावलेली असली तरी चालेल, वेगवेगळ्या शर्यतींचे पैसे एकत्र केले तरी चालेल, आणि रेसकोर्सने स्वतःचे पैसे घातले तरी चालेल. कोर्टाने काढलेली एकेक खोट उचलून कायद्यात घातली, गव्हर्नरने सही केली, आणि रेड माइलची मशीन्स परत चालू झाली.