उरण (करंजा बेट)

उरण : रायगड जिल्ह्यातील एक बंदराचे गाव व तालुक्याचे मुख्य ठिकाण. मुंबई बंदराच्या आग्नेय काठावर, नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला ते वसले आहे. आज उरणला रस्त्याने किंवा लोकलने जाणाऱ्याला आपण एका बेटावर उतरलो आहोत अशी शंकाही येत नाही. मात्र अठराव्या शतकातील तहांत आणि एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत याचा उल्लेख ‘करंजा बेट’ असाच येतो. आता करंजा हे नाव बेटाच्या दक्षिण टोकावरील कोळ्यांच्या वस्तीपुरते उरले आहे.

बेटाची लांबी सुमारे १३ किमी. आणि रुंदी सुमारे ६ किमी. भरते. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, उत्तरेला मोरा बंदराजवळची लहान टेकडी आणि या दोहोंमधील सखल भातजमिनीत उरण, नागाव, केगाव, चाणजे ही गावे, अशी त्याची ठेवण आहे. पश्चिमेला मुंबईचे बंदर, दक्षिणेला धरमतर खाडीचे मुख आणि पूर्वेला मुख्य भूमीपासून बेट तोडणारी भेंडखळची खाडी. ही पूर्वेकडची बाजू उथळ, चिखलाची आणि तिवरांनी भरलेली असल्यामुळे बेटपण संपले ते याच बाजूने, आणि ते पुलामुळे नव्हे तर बांधांमुळे संपले.

भरतीचे पाणी अडवून खाजणातून, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खारट दलदलीतून, भातजमीन काढण्याच्या या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात. खाजणाभोवती चिखलाचा व दगडांचा बांध घालायचा, त्यात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे झडपेचे दार, ठेवायची आणि आतली जमीन पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊ द्यायची, असे हे काम असते. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की भरतीच्या पाण्याचा दाब आला की ती आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातले साठलेले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. बांधाला खेकड्याने केलेले एखादे बीळ वेळीच बुजवले नाही, तर उधाणाच्या दिवशी तिथूनच खांड पडते आणि खारे पाणी शिरलेले शेत पुढची काही वर्षे पीक देत नाही. म्हणून बांधाची राखण हे एकट्याचे नव्हे, तर सगळ्या गावाचे काम असे. ही कला प्रामुख्याने आगरी समाजाची. शेमटीखार या रेल्वे स्थानकाच्या नावातला ‘खार’ हा शब्द त्याच जमिनींची खूण आहे. उरणचा इतिहास सांगताना किल्ल्यांना आणि तहांना जेवढी जागा मिळते तेवढी या बांधांना मिळत नाही, हे योग्य नाही. ज्या जमिनीवर आजचे रस्ते आणि कंटेनरची गोदामे उभी आहेत, तिचा मोठा भाग या बांधांनीच समुद्राकडून घेतलेला आहे.

उरण हे नाव जुने आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी शेवटचा राजा सोमेश्वर याचा शके ११८२ (इ.स. १२६०) चा शिलालेख चाणजे येथे मिळाला. उरणमधील एका बागेचे उत्पन्न स्थानक, म्हणजे ठाणे, येथील उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद त्यात आहे. उरणच्या बागेतून ठाण्याच्या देवाला उत्पन्न मिळत होते, यावरून खाडीच्या वाटेने या दोन गावांचे नाते किती जवळचे होते ते कळते.

सोळाव्या शतकात बेट पोर्तुगीजांकडे गेले. त्याचे महत्त्व जागेमुळे होते : मुंबईहून मुख्य भूमीकडे जाणाऱ्या होड्यांच्या एका वाटेवर ठाणे होते आणि दुसऱ्या वाटेवर करंजा. मुंबई इंग्रजांना मिळाल्यानंतरही पोर्तुगीज या दोन्ही नाक्यांवर जकात घेत राहिले आणि त्यावरून इंग्रजांशी त्यांचे सतत खटके उडत. वसईच्या मोहिमेच्या सुमारास बेट मराठ्यांच्या ताब्यात आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटाबरोबर तेही घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी, करंजा व हॉग ही बेटे त्यांच्याकडे कायम राहिली. पुढे उरणचा कारभार ठाणे जिल्ह्यातून चालला. १८८३ मध्ये पनवेलसह ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात गेले.

ब्रिटिश काळात उरणची ओळख मीठ आणि दारू या दोन गोष्टींनी होती. मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याच्या येथील भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि त्यांचा माल मुंबईला जाई. मिठागरे त्याहून जुनी. पावसाळा सरला की आगरांच्या तळाची माती पायांनी तुडवून घट्ट केली जाई, भरतीचे पाणी एका कुंडातून दुसऱ्यात घेत उन्हाने आटवले जाई आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरत. भाजलेल्या तळपायांनी केलेल्या या कामावर येथील कित्येक पिढ्या जगल्या.

मासेमारीचे मोठे केंद्र करंजा. द्रोणागिरी देवी ही तेथील कोळ्यांचे श्रद्धास्थान असून, हनुमानाने नेलेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा येथे पडला अशी डोंगराची कथा सांगितली जाते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो. पावसाळा संपला की किनाऱ्यावर बोंबील सुकवण्याच्या वलांडी, म्हणजे काठ्यांवर ताणलेल्या दोऱ्या, उभ्या राहतात. दोन ताजे बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर दोन्ही बाजूंनी लोंबती टाकायची. दात बारीक व अणकुचीदार असल्याने गाठ मारावी लागत नाही. हे काम बायकांचे. सवयीच्या हाताला त्यासाठी माशाकडे बघावेही लागत नाही.

प्रवासी बंदर उत्तरेकडील मोरा हे होय. येथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँच कित्येक दशके उरणकरांच्या नोकरीची, बाजाराची आणि दवाखान्याची वाट ठरल्या. मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि सेवा काही तास बंद ठेवावी लागते. त्यामुळे घड्याळाइतकेच तिथीकडेही लक्ष ठेवणे येथील प्रवाशाला भाग पडते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास दिवसाचा बेत आधी समुद्राला विचारून करावा लागतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळे झपाट्याने बदलले. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडल्यावर समुद्राखालच्या नळांतून येणारे तेल व वायू उतरवून घेण्यासाठी द्रोणागिरीच्या पायथ्याशी मोठा प्रकल्प उभा राहिला. न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण हे या लढ्याचे फळ आहे. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन उरणजवळ झाले, पण नव्या घरांना वाळवी लागली आणि पुन्हा नव्या जागेची मागणी करण्यात कोळ्यांची एक पिढी म्हातारी झाली. मिठागरेही मागे हटली. पाणजे व भेंडखळच्या पाणथळ जागी हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्या जागांत भरतीचे पाणी येऊ द्यावे की नाही हा आता वादाचा विषय आहे.

आधी खारकोपरपर्यंत आलेली लोकल १२ जानेवारी २०२४ रोजी उरणला पोहोचली आणि त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किमी. लांबीच्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. आता तालुक्यात वस्ती असलेले खरे बेट म्हणून घारापुरी उरले आहे. तेथे २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचवण्यात आली. तहसील कचेरीतल्या कामासाठी मात्र घारापुरीच्या ग्रामस्थाला आजही आधी होडीने न्हावा किंवा मोरा गाठावे लागते आणि मगच उरणची वाट धरता येते.