मेल्कला सायकल घेताय? आधी पाणी कुठं वाहतंय ते बघा

आमच्या डॅन्यूब क्रूझवर ऑस्ट्रियातल्या मेल्क गावाला बोटीवरून उतरून नदीकाठानं सायकलवर ड्युर्नस्टाइनला जायचं असतं, बोट तिथं भेटते. पूर्वी दर ट्रिपला एक तरी फोन यायचाच, "ड्युर्नस्टाइन डाव्या किनाऱ्याला म्हणालात, आम्ही डावीकडूनच आलो, मग गाव पलीकडं कसं?" म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलंय. नाश्त्याच्या टेबलावर वाचा, पण सायकल हातात घ्यायच्या आधी वाचा.

नदीचा डावा-उजवा किनारा ठरतो तो पाणी जिकडं चाललंय तिकडं तोंड करून. बोटीचं नाक कुठं आहे त्याच्याशी संबंध नाही. आणि घोळ इथंच होतो, कारण क्रूझ बोटी धक्क्याला लागताना बहुतेक वेळा वळून प्रवाहाच्या उलट तोंड करून उभ्या राहतात. मग डेकवर समोर बघत उभं राहिलं की मेल्क गाव आणि तो पिवळा मठ तुमच्या डाव्या हाताला, आणि प्रत्यक्षात ते आहे डॅन्यूबच्या उजव्या किनाऱ्यावर!

ड्युर्नस्टाइन डाव्या किनाऱ्यावर आहे, म्हणजे नदी ओलांडावीच लागते, आणि ती मेल्कलाच, एमर्सडॉर्फच्या पुलावरून. तो पूल सुटला की पुढचा थेट माउटर्नला, ड्युर्नस्टाइनच्याही पुढं, मध्ये साधारण 30 किलोमीटर एकही पूल नाही. सायकल ट्रॅक दोन्ही काठांना आहे, तोही मस्त गुळगुळीत, त्यामुळं चुकलोय हे कळतच नाही. आमचे एक काका असेच उजव्या काठानं रोसाट्झला, म्हणजे ड्युर्नस्टाइनच्या बरोबर समोर पोचले, पलीकडं ड्युर्नस्टाइनच्या मठाचा निळा-पांढरा मनोरा, खाली आपली बोट दिसतेय, आणि फोनवर विचारतात, "पूल कुठंय?" पूल नाही काका, फेरी आहे, पण ती तिच्या वेळेनं. त्या दिवशी अख्खा ग्रुप पाऊण तास खोळंबला.

म्हणून सायकल देण्याआधी आम्ही प्रत्येकाला पाणी कुठं वाहतंय ते बोटानं दाखवायला लावतो. एक मावशी म्हणाल्या, शाळेत आल्यासारखं वाटतंय. वाटू दे. पण तेव्हापासून कुणी चुकलेलं नाही. रस्त्यात शंका आली तर काठावरचे किलोमीटरचे बोर्ड बघा, डॅन्यूबचे किलोमीटर समुद्राकडून मोजतात, मेल्क साधारण 2036 आणि ड्युर्नस्टाइन 2009, म्हणजे आकडा उतरत गेला पाहिजे. चढत असेल तर तुम्ही उलटे निघालात.

डाव्या काठाला बघायलाही जास्त आहे असं आमचं मत, उजवीकडं आगश्टाइनचा किल्ला आहे ते मान्य. डावीकडं विलेनडॉर्फ लागतं, जिथं 1908 साली 'विलेनडॉर्फची व्हीनस' ही अश्मयुगातली 11 सेंटिमीटरची दगडी बाई सापडली (मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, इथं शोधू नका). पुढं श्पित्सची फेरी नक्की बघा, वर तार बांधलेली, इंजिन नाही, फक्त प्रवाहाच्या जोरावर पलीकडं जाते, गाड्या घेऊन! मग वायसेनकिर्शेन आणि शेवटी ड्युर्नस्टाइन. वरच्या किल्ल्यात 1192 च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डनं इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कोंडलं होतं. किल्ला 1645 ला स्वीडिश सैन्यानं उडवला, आता पडक्या भिंतीच उरल्यात, पण वरून नदीचं वळण बघाल तर दम लागल्याचं विसराल. सायकल खालीच लॉक करा, वर चढ आहे. गल्लीत फरशी खडबडीत आणि गर्दी, तिथं उतरून ढकला, मागच्या वर्षी एक चाक त्यातच वाकलं.

वाटेत वाइनची दुकानं लागणारच. घ्या, पण ऑस्ट्रियात सायकलवाल्यालाही लिमिट आहे, रक्तात अल्कोहोल 0.8 प्रति हजार, त्यामुळं बाटली पॅक करून बोटीवर आणलेली बरी. 12 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानं लागतंच, आम्ही सगळ्यांनाच देतो.

आमच्याबरोबर आलात तर शेवटी एक माणूस सगळ्यांच्या मागं असतो, पंक्चर किट घेऊन, आणि गुडघ्याचा त्रास असेल तर ई-बाइक मिळते, फक्त आदल्या संध्याकाळी सांगा. सीटची उंचीही तेव्हाच लावून घेऊ, सकाळी धक्क्यावर वीस जणांची सीट लावत बसलो तर बोट आपल्या आधी ड्युर्नस्टाइनला पोचते.