लघुसिक्लिडांचे मत्स्यालयातील प्रजनन व पिल्लांचे संगोपन

सिक्लिडी कुलातील साधारण १० सेंमी. च्या आत वाढ थांबणाऱ्या जातींची टाकीत जोडी जमवणे, त्यांना अंडी घालू देणे आणि पिल्ले हाती लागतील एवढी मोठी करणे, एवढा या नोंदीचा विषय आहे. ‘लघुसिक्लिड’ हा वर्गीकरणातील गट नाही. मत्स्यपालकांनी आकारावरून तो पाडला आहे. त्यामुळे त्यात दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅपिस्टोग्रामा, मिक्रोजिओफॅगस व नॅनाकारा, पश्चिम आफ्रिकेतील पेल्विकाक्रोमिस आणि टांगानिका सरोवरातील शंखवासी जाती एकत्र येतात. दक्षिण भारत व श्रीलंका येथील नारिंगी क्रोमाइड (स्यूडएट्रोप्लस मॅक्युलेटस) हाही आकाराने यातच बसतो.

टेट्रा किंवा बार्ब या माशांची अंडी वाचवायची तर जोडी लगेच बाजूला काढावी लागते. सिक्लिडांत आईबाप अंड्यांची, डिंभांची (अंड्यातून निघालेल्या पण अजून न पोहणाऱ्या जीवांची) आणि पोहू लागलेल्या पिल्लांचीही राखण करतात. पाळणाऱ्याकडे उरतात ती पाणी आणि पहिले अन्न ही दोन कामे, आणि बहुतेक अपयशांचे मूळ याच दोहोंत सापडते.

नावांचा घोळ. जुने साहित्य वाचताना नावांबाबत सावध राहावे लागते. ओरिनोको खोऱ्यातील रॅम या माशाचे वर्णन मायर्स व हॅरी यांनी १९४८ मध्ये अ‍ॅपिस्टोग्रामा रामिरेझी या नावाने केले. पुढे तो वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घालण्याबाबत एकमत झाले, पण ती प्रजाती कोणती याबाबत झाले नाही. स्यूडोजिओफॅगस, स्यूडोअ‍ॅपिस्टोग्रामा ही नावे येऊन गेली. आधीची नावे नियमानुसार सिद्ध होत नाहीत असे मानून कुलांडर यांनी १९७७ मध्ये पॅपिलिओक्रोमिस हे नाव सुचवले. १९८२ मध्ये रॉबिन्स व बेली यांनी या नावांची छाननी करून मायक्रोजिओफॅगसचा पक्ष घेतला. सध्याच्या सूच्यांत १९६८ चे मिक्रोजिओफॅगस हे लेखन ग्राह्य धरले जाते व येथेही तेच वापरले आहे. या सर्व नावांखाली लिहिलेली प्रजननाची माहिती एकाच माशाची समजावी. अ‍ॅपिस्टोग्रामा बोरेलीची गोष्ट उलट आहे. एकेकाळी या नावाने पाळला जाणारा मासा बहुधा अ. ककाटुऑइडीस असावा, आणि खरा बोरेली त्या काळात रेइट्झिगी या नावाने ओळखला जाई. म्हणून १९६० च्या आसपासच्या वर्तनविषयक नोंदी नाव पाहून नव्हे, तर वर्णन पाहून वापराव्यात.

अंडी व राखण. रॅम उघड्यावर अंडी घालतो. त्याला सपाट दगड किंवा रेतीतला उथळ खळगा पुरतो, आणि नर-मादी दोघेही राखण करतात. अ‍ॅपिस्टोग्रामा व पेल्विकाक्रोमिस यांना पोकळी लागते. नारळाची अर्धी करवंटी किंवा तोंड फोडलेली मातीची कुंडी उपडी ठेवली तरी चालते, मात्र दार मादीपुरतेच असावे. अंडी छताला आतून चिकटवलेली असतात. अ‍ॅपिस्टोग्रामाची मादी या काळात लिंबासारखी पिवळी होते व अंगावरचे काळे पट्टे उठून दिसतात. ती पोकळीच्या तोंडाशी थांबते आणि दुप्पट मोठ्या नरालाही फिरकू देत नाही. टाकी लहान असेल तर नराला दुसरीकडे हलवावे, नाहीतर तो जखमी होतो.

सुमारे २६° से. तापमानाला तीन दिवसांच्या आसपास अंडी फुटतात. डिंभांच्या डोक्यावर चिकट ग्रंथी असतात व त्यांच्या आधारे ते पृष्ठभागाला चिकटून वळवळत राहतात. आई त्यांना तोंडात घेऊन या खळग्यातून त्या खळग्यात हलवते. पाचेक दिवसांत पीतक (पोटाशी असलेला पोषक बलक) संपते आणि थवा तळालगत पोहू लागतो. टाकीसमोरून सावली सरकली की आई अंगाला व परांना झटके देते, त्यासरशी पिल्ले खाली बसतात आणि रेतीच्या रंगात दिसेनाशी होतात. मागे राहिलेले पिल्लू ती तोंडात उचलते व थव्यात थुंकते. नवख्या पाळणाऱ्याला वाटते की तिने ते खाल्ले. खाण्याचे प्रकार घडतातच, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या विणीला, पण जोडी अनुभवाने सुधारते. रात्री अचानक दिवा मालवल्याने थवा विखुरतो, म्हणून मंद दिवा ठेवण्याची पद्धत आहे.

पाणी व लिंगनिश्चिती. रॅम आणि बहुतेक अ‍ॅपिस्टोग्रामा मृदू व आम्लधर्मी पाण्यातील मासे आहेत. कठीण पाण्यात जोडी अंडी घालते, पण बरीचशी अंडी पांढरी पडून बुरशीने जातात. कॅल्शियममुळे अंड्याचे आवरण ताठर होते, असे त्याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते संभाव्य असले तरी सर्व जातींना सारखे लावता येत नाही. आरओचे (क्षार काढलेले) पाणी, पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर), देशी बदामाची वाळकी पाने हे मार्ग प्रचारात आहेत.

पाण्याचा जास्त दूरगामी परिणाम पिल्लांच्या लिंगावर होतो. एकाच विणीतून जवळपास सगळे नर किंवा सगळ्या माद्या निघाल्याच्या तक्रारी मत्स्यपालक फार पूर्वीपासून करीत आले आहेत. रुबिन यांनी १९८५ मध्ये पेल्विकाक्रोमिस, अ‍ॅपिस्टोग्रामा व स्वोर्डटेल (सिक्लिड नसलेला एक मासा) यांवरील प्रयोगांतून पीएचकडे (पाण्याची आम्लता दाखवणाऱ्या अंकाकडे; ७ च्या खाली आम्लधर्मी) बोट दाखवले. आम्लधर्मी पाण्यात नरांचे प्रमाण वाढते, असे त्यांचे निष्कर्ष होते. रोमर व बायसेनहेर्त्स यांनी १९९६ मध्ये अ‍ॅपिस्टोग्रामाच्या ३७ जाती २३°, २६° व २९° से. अशा तापमानांना, वेगवेगळ्या पीएचमध्ये वाढवल्या. ३३ जातींत तापमानाचा परिणाम आढळला : गरम पाण्यात नर जास्त, थंड पाण्यात माद्या जास्त. पीएचचा प्रभाव मोजक्याच ठिकाणी दिसला. संवेदनक्षम काळ अंडी घातल्यापासून साधारण पहिला महिना-सव्वा महिना असावा.

या दोन मतांत विरोध आहे असे दिसते, पण त्यांतील जाती पुष्कळशा वेगळ्या आहेत. पेल्विकाक्रोमिस पुल्कर, म्हणजे क्रिबेन्सिस, याच्या बाबतीत रेडन व हर्ड यांच्या २०१३ च्या अभ्यासाने पीएचचा परिणाम पुन्हा दाखवला आहे; नराचा रंगप्रकारही त्यावर काही अंशी ठरतो. उलट, ओस्पिना-आल्वारेस व पिफेरेर यांनी २००८ मध्ये माशांतील तापमानाधारित लिंगनिश्चितीचे जुने दावे तपासून अनेक जाती यादीतून काढून टाकल्या. कारण प्रयोगशाळेतील तापमाने त्या जातींना निसर्गात क्वचितच भेटतात. अ‍ॅपिस्टोग्रामा मात्र यादीत टिकली. तेव्हा अ‍ॅपिस्टोग्रामासाठी तापमान आणि क्रिबेन्सिससाठी पीएच हे आधी पाहावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. व्यवहारात पहिला महिना २६° से. च्या आसपास पाणी ठेवले तर दोन्ही लिंगे बरी मिळतात. पिल्ले लवकर वाढावीत म्हणून हीटर चढवून ठेवण्याची सवय इथे महागात पडते, कारण पुढे जोड्याच जमत नाहीत.

पहिले अन्न. पिल्ले पोहू लागली की नुकते उबवलेले आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीवाचे डिंभ (बोलीत बेबी ब्राइन श्रिम्प) हे मुख्य अन्न. मिठाच्या पाण्यात, हवेचा पंप लावून, २६–२८° से. ला ते २४ ते ३६ तासांत निघतात. त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. टरफले वर तरंगतात व डिंभ उजेडाकडे गोळा होतात, तेवढेच नळीने काढून गोड्या पाण्यात धुऊन द्यावेत. टरफले पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात. उबल्यावर डिंभ स्वतःच्या पीतकावर जगत असतात, त्यामुळे तासागणिक त्यांचा कस उतरतो, ताजेच घालावेत. खाल्ले की नाही हे भिंगाने पाहता येते : पारदर्शक पोट नारिंगी भरलेले दिसते. पोट रिकामे दिसले तर डिंभ तोंडात मावत नाहीत. रॅमच्या बाबतीत ही वेळ पुष्कळदा येते, म्हणून पहिले काही दिवस इन्फुसोरिया किंवा रोटिफर हे सूक्ष्म जलजीव द्यावेत. मायक्रोवर्म व व्हिनेगर ईल हे बारीक कृमी पूरक म्हणून उपयोगी आहेत. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाची शिफारस जुन्या पुस्तकांत आढळते, पण त्याने पाणी फार लवकर नासते.

दिवसातून तीन-चार वेळा अन्न पडले की अमोनिया आलाच. २५° से. ला एकूण अमोनियापैकी विषारी रूपात पीएच ७ असताना सुमारे अर्धा टक्का असतो, पीएच ८ असताना ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे आम्लधर्मी टाकीत साचलेला अमोनिया गप्प राहतो आणि पाणी बदलताना जास्त पीएचचे पाणी भसकन ओतले की त्याच तासाभरात पिल्ले मरतात. दोष नव्या पाण्याला दिला जातो, पण साठा आधीचाच असतो. स्पंज फिल्टर आधी दुसऱ्या टाकीत मुरवून घ्यावा (अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढेपर्यंत चालवावा) आणि रोज थोडे पाणी बदलावे. बदलाचे पाणी त्याच पीएचचे व तापमानाचे असावे, आणि ते हवेच्या बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडावे.

आईबापांजवळ की वेगळे? अंडी दगडासकट उचलून मिथिलीन ब्लू या बुरशीरोधक रंगाच्या पाण्यात उबवणे हा व्यापारी उत्पादकांचा मार्ग आहे. त्यात संख्या हाती लागते. मात्र पिढ्यान् पिढ्या असेच वाढवल्यामुळे बाजारातील रॅमच्या जोड्या राखण करीत नाहीत, असे अनेक पाळणारे सांगतात. जंगली वाण व पाळीव वाण यांची तुलना त्या अंगाने झाली पाहिजे. पण घरगुती टाकीत राखण पाहण्याचाच तर लाभ असतो, म्हणून जोडी अंडी खात नसेल तर पिल्ले निदान दोन-तीन आठवडे तिच्याजवळ ठेवणे योग्य.

नारिंगी क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) टिपतात. वॉर्ड व बार्लो यांनी १९६७ मध्ये या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. टांगानिकाच्या निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटसला कठीण, अल्कधर्मी पाणी व रिकामे शंख लागतात. शंखांच्या ढिगात पिल्ले मोठ्यांच्या वसाहतीतच वाढतात, त्यामुळे त्यांना वेगळी टाकी लागत नाही.