पेजेतलं पाणी आणि पेल्यातलं पाणी

‘जेवणाआधी दोन पेले पाणी प्या, पोट भरेल, जेवण कमी जाईल.’ हा सल्ला व्हॉट्सॲपवर महिन्याकाठी एकदा तरी फिरतोच. वजन उतरवू पाहणारे तरुण आईबाप तो इमानाने पाळतात. साडेसातला पाणी, आठला मोजून-मापून जेवण, आणि साडेनऊला पोर एकदाचं झोपलं की फरसाणाचा डबा. मग दोष मनाच्या दुबळेपणाला दिला जातो. खरं कारण जठराच्या खालच्या दारापाशी आहे. त्या दाराला पाणी अडवता येत नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हे फार साध्या रीतीने तपासलं. चोवीस सडपातळ बायकांना दुपारच्या जेवणाआधी २७० कॅलरींचा पदार्थ दिला, पण वेगवेगळ्या दिवशी तीन तऱ्हांनी. एकदा कोंबडी, भात आणि भाज्यांचा घट्ट पदार्थ. एकदा तोच पदार्थ आणि सोबत पेल्यात ३५६ ग्रॅम पाणी. आणि एकदा तेवढंच पाणी त्यात घालून शिजवलेलं सूप. जिन्नस तेच, कॅलरी त्याच. नंतरच्या जेवणात घट्ट पदार्थ खाल्लेल्या दिवशी सरासरी ३९२ कॅलरी पोटात गेल्या, पाणी सोबत प्यायलं तेव्हा ३९६. सूप घेतलं त्या दिवशी मात्र २८९. पेल्यातल्या पाण्याने काहीच फरक पडला नाही. शिजून अन्नात मुरलेल्या पाण्याने शंभर कॅलरी वाचवल्या. (जेवणाआधी पाणी पिण्याचा थोडा उपयोग काही प्रयोगांत उतारवयातल्या माणसांना झालेला दिसतो. तरुणांमध्ये निष्कर्ष एकसारखे नाहीत.)

असं का होतं? जठराचा वरचा भाग कोठारासारखा असतो. अन्न आलं की तो सैल होतो, ताणला जातो, आणि भिंतीतले ताण ओळखणारे चेतातंतू व्हेगस चेतेमार्फत मेंदूला ‘भरलं’ असा निरोप धाडतात. या चेतातंतूंना कॅलरी मोजता येत नाहीत. त्यांना फक्त ताण कळतो आणि तो किती वेळ टिकला ते कळतं. जठराचा खालचा भाग जात्यासारखा घुसळत राहतो. त्याच्या टोकाचं दार एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कण तेवढे आतड्यात सोडतं, मोठे तुकडे परत घुसळणीत ढकलतं. पाण्याला चाळण लागत नाही. नुसतं पाणी प्यायलं तर पंधरा-वीस मिनिटांत निम्मं पुढे गेलेलं असतं. भरल्या पोटी प्यायलं तर ते अन्नाला वळसा घालून जठराच्या आतल्या वळणाकडेने सरळ दाराशी पोचतं. जर्मन शास्त्रज्ञांनी त्या वाटेला ‘जठराचा रस्ता’ असंच नाव दिलं आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात एमआरआयने जिवंत माणसाच्या जठरात हे पाहिलं गेलं. कोंबडी-भाजी आणि पाणी वेगवेगळं घेतलं तेव्हा पाणी आधी निघून गेलं. तेच सगळं वाटून सूप केलं तेव्हा जठर जास्त वेळ भरलेलं राहिलं.

म्हणजे पाणी अन्नात बांधून घ्यायला हवं. बांधायचं कशाने, याचं उत्तर कोकणातल्या घरात डब्यात भरून ठेवलेलं असतं: कुळथाचं पीठ, ज्याची आमटीसारखी पिठी होते, आणि उकडा तांदूळ, ज्याची पेज होते.

कुळथाच्या पिठातलं पिष्ट (स्टार्च) सुट्या रेणूंच्या रूपात नसतं. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत रचून ठेवलेलं असतं. कणात दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात. ॲमायलोज सरळ आणि लांब, ॲमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. शेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, म्हणून थंड पाण्यात पीठ कालवलं तर कण थोडेसे फुगतात, पण विरघळत नाहीत. पाणी तापून साधारण ६५ ते ८० अंशांच्या टप्प्यात आलं की हे बंध सुटायला लागतात आणि मोकळ्या झालेल्या जागी पाण्याचे रेणू शिरतात. कण आपल्या मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतो, आणि आतलं थोडं ॲमायलोज बाहेर झिरपून कणांमधल्या पाण्यात जाळं विणतं. गणपतीच्या आधी एसटी स्टँडवर चाकरमान्यांची गर्दी होते तेव्हा प्रत्येकाच्या हातात बॅग, पाठीवर पिशवी; कोणालाच हलता येत नाही. पातेल्यातल्या फुगलेल्या कणांचंही तसंच होतं. ते एकमेकांना घासत, अडवत राहतात, यालाच आपण पिठी ‘दाटली’ म्हणतो. पाणी तेवढंच असतं, पण आता ते कणांच्या पोटात आणि जाळ्यात अडकलेलं असतं. जठरातल्या त्या रस्त्याने ते एकटं सटकू शकत नाही.

हे एकदा कळलं की पिठी का बिघडते तेही कळतं. दोघांसाठी ६० ग्रॅम कुळथाचं पीठ घ्या, म्हणजे पोह्याचे सहा-सात चमचे, सपाट. ते एक वाटी थंड पाण्यात हाताने कालवून गुळगुळीत करून ठेवा. पातेल्यात दोन चहाचे चमचे तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, हवा असेल तर एक कांदा. त्यावर ७०० मिली पाणी ओता, मीठ घाला. पाणी गरम झालं, पण खळखळ उकळायच्या आत, कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. कारण गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट कवच बनतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. ती गुठळी मग कितीही शिजवा, आत कच्चीच राहते.

उकळी फुटल्यावर बारीक आचेवर सात-आठ मिनिटं द्या. पहिल्या उकळीला गॅस बंद करणं ही दमलेल्या माणसाची नेहमीची चूक. सगळे कण अजून फुगलेले नसतात, पिठी पातळ वाटते, म्हणून वरून आणखी पीठ घातलं जातं आणि कॅलरी वाढतात. आमसुलं तीन-चार, ती अगदी शेवटी. आंबट पाण्यात फार वेळ उकळलं तर पिष्टाच्या साखळ्या तुटतात आणि दाटपणा उतरतो. पीठच फार काळपट भाजलेलं असेल तर तीच गत होते. कडक भाजताना साखळ्या आधीच तुटून आखूड झालेल्या असतात. डाव बुडवून बाहेर काढला आणि त्याच्या पाठीवर पातळ थर टिकला, की जमली.

एवढ्या पिठीत दोघांत मिळून २९० कॅलरी होतात, पैकी ९० तेलाच्या. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४०० मिली पिठी, १४५ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिन. कुळथात शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. एक मूठ फरसाण, म्हणजे ३० ग्रॅम, जवळपास तेवढ्याच कॅलरींचं असतं. ते जठरात कुठल्या कोपऱ्यात गेलं, त्या चेतातंतूंना कळतही नाही.

पेजेचं गणित असंच आहे, फक्त तिथे तांदूळ निवडण्यात शहाणपण लागतं. उकडा तांदूळ तुसात असतानाच वाफवून वाळवलेला असतो. त्याचं पिष्ट एकदा फुगून पुन्हा आवळलेलं, म्हणून दाणा शिजूनही अखंड राहतो. पेजेत त्यामुळे दोन्ही गोष्टी मिळतात: चाळणीतून परत ढकलला जाणारा दाणा, आणि दाटलेलं पाणी. अर्धी वाटी (८० ग्रॅम) उकडा तांदूळ आणि ३० ग्रॅम अख्खे हिरवे मूग सकाळीच भिजत टाका. संध्याकाळी सव्वा लिटर पाणी घालून कुकरला लावा. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. पिष्टाचा फेस उसळून शिट्टीच्या नळीत अडकतो. त्याने गॅस तर घाण होतोच, शिवाय नळी तुंबणं धोक्याचं. पाचसहा थेंब तेल टाकलं तर फेस कमी येतो. दोघांत मिळून ३८० कॅलरी आणि प्रत्येकी अर्ध्या लिटरहून जास्त पेज. दाणे गाळून नुसतं वरचं पाणी प्यायलात तर तासाभरात भूक लागेल. मिक्सरमधूनही फिरवू नका, चावायचं काम आणि दाण्याचा अडसर दोन्ही जातात.

मधुमेह असेल तर पेजेपेक्षा पिठी बरी. मऊ शिजलेल्या तांदळाची साखर रक्तात लवकर चढते.

ताणाचा निरोप मात्र एकटा पुरत नाही. पेज किंवा पिठी आतड्यात उतरायला लागली की तिथल्या पेशी त्यात प्रथिन आणि चरबी आहे का ते तपासतात. ती सापडली तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडून जठराचं दार आवळतात. नुसत्या पिष्टाने हे फारसं घडत नाही. म्हणूनच पेजेसोबत खारातला आंबा रुचीला छान, पण रात्र काढायला मासा हवा. बांगड्याचं तिखलं यासाठी आदर्श, कारण त्यात खोबऱ्याचं वाटप नाही. चार मध्यम बांगड्यांचे तुकडे, आठ-दहा तिरफळं (काळी बी काढून, दल ठेचून), दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, पाच आमसुलं, मीठ, एक चमचा तेल आणि अर्धी वाटी पाणी, सगळं एकदमच पातेल्यात घालून झाकण ठेवा. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं. ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं. साठ अंशांच्या पुढे माशाचं प्रथिन आवळून पाणी बाहेर टाकतं, म्हणून पंधरा मिनिटं उकळलेला बांगडा चोथा लागतो. एका मध्यम बांगड्यातून १५-१६ ग्रॅम प्रथिन मिळतं.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकट आहेच. १५ ग्रॅम सुकट निवडून, डोकी-शेपट्या झाडून, तव्यावर कोरडी भाजा आणि कांदा-मिरचीत कालवा. आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन, पाच मिनिटांचं काम. मिठाचा सुका बांगडा मात्र धुऊन, भिजवून घ्या, आणि रक्तदाब असेल त्याने तो बाजूलाच ठेवावा. मासे न खाणाऱ्यांनी मुगाचं प्रमाण दुप्पट करावं किंवा वर उकडलेलं अंडं घ्यावं.

खोबऱ्याला शत्रू ठरवायची गरज नाही, फक्त मोजा. अर्धी वाटी ओलं खोबरं म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे एका माणसाची अख्खी पिठी. रोजच्या रात्री सोलकढीऐवजी नारळाच्या रसाविना केलेली फुटी कढी पुरे.

कोकमाचा विषय निघालाच आहे तर ‘चरबी जाळणाऱ्या’ कॅप्सुलांबद्दलही सांगायला हवं. कोकमाच्या भाईबंदाच्या फळातलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल त्यात असतं, आणि कोकमातही ते असतं. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे त्याची नीट चाचणी झाली. आम्ल घेतलेल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, आणि नुसती खोटी गोळी घेतलेल्यांचं ४.१ किलोने. अशा कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आमसूल पिठीत घाला, फार चांगली चव येते. ते बाटलीत भरून विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि झोप. रात्री तीनदा उठणाऱ्या आईबापांची भूक खरोखरच जास्त असते, तो मनाचा खेळ नाही. २००४ साली शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत भूक लावणारं ग्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढ सर्वांत जास्त वाढली. अशा शरीराला ‘कमी खा’ सांगून उपयोग नाही. त्याला ४०० मिली काहीतरी द्यायलाच हवं. अंगावर पाजणाऱ्या आईने तर जेवण तोडूच नये. पिठीसोबत ४० ग्रॅम तांदळाचा भात आणि एक बांगडा घेतला तर चारशेच्या थोडं वर कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिन होतं. मुलाच्या ताटात उरलेलं निपटायची सवय मात्र सोडा. रोजचे ते चार घासही मोजणीत येतात.

एकाच वेळी दोन दिवसांची पेज करून ठेवायची असेल तर ती तासाभरात निववून फ्रिजमध्ये टाका. कोकणच्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं उलटी आणणारं विष नंतर उकळूनही मरत नाही. सकाळी पेज गोळा झालेली दिसेल. रात्रीत ॲमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटल्या, एवढंच. (असा गार झालेला भात खाल्ला की वजन उतरतं, ही बातमीही फिरते. थोडं पिष्ट पचायला अवघड होतं हे खरं, पण कॅलरींत फरक नगण्य.) त्यात एक वाटी उकळतं पाणी घाला, डावाच्या पाठीने गोळा मोडा आणि चांगली उकळी येईपर्यंत ढवळत राहा.