‘ऑटो चॅनेल’ आणि ‘ऑटो पॉवर’ : एकाच पानावरच्या दोन वेगळ्या व्यवस्था

इमारतीतली सगळी वायफाय उपकरणे एकत्र चालवणाऱ्या वायरलेस कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (प्रक्षेपणासाठी वापरायचा लहरींचा ठरावीक पट्टा) आणि पॉवर (प्रक्षेपणाचा जोर) या दोन्हींसमोर ‘ऑटो’ हा एकच शब्द दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी तो दोन्हीकडे सारख्याच विश्वासाने निवडून काम संपवले जाते. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. त्या वेगळे प्रश्न सोडवतात, वेगळ्या रीतीने चुकतात, आणि माझ्या मते त्यांना द्यायची मोकळीकही वेगळी असायला हवी. पुढील विवेचन सिस्कोच्या कंट्रोलरला धरून केले आहे, कारण त्याचे गणित उघडपणे मांडलेले आहे. इतर कंपन्यांमध्ये नावे आणि वेळापत्रके बदलतात, मूळ विभागणी मात्र हीच राहते.

दोन्ही व्यवस्थांना लागणारी माहिती एकाच ठिकाणाहून येते. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारे उपकरण) ठरावीक काळाने आपल्या अस्तित्वाचा एक छोटा संदेश प्रक्षेपित करतो, तोही कमाल पॉवरने, आणि बाकीचे तो किती जोरात ऐकू आला याची नोंद ठेवतात. संदेश नेहमी कमाल पॉवरनेच जात असल्यामुळे पुढे प्रत्यक्ष पॉवर कितीही घटवली तरी हे मोजमाप बदलत नाही.

ऑटो चॅनेल या नोंदींना बाहेरच्या वायफायचा आणि इतर उपकरणांचा गोंगाट जोडते व कोणी कोणत्या चॅनेलवर बोलावे हे ठरवते. ही फेरी मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढीच धरली जातात, त्यामुळे दाटीच्या इमारतीत गणित कितीही हुशार असले तरी त्याच्या हाती फारसे काही नसते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, आणि भारतात २०१८ मध्ये ५१५० ते ५३५० व ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाल्यापासून ती आणखी वाढली आहे. पण ८० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली की प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट चार चॅनेल एकदम अडवतो आणि ऑटो चॅनेलसमोर पुन्हा मोजकेच पर्याय उरतात. चॅनेल बदलताना जोडलेल्या उपकरणांच्या संपर्कात खंड पडू शकतो, म्हणून कार्यालयात ही फेरी रात्री किंवा बऱ्याच अंतराने ठेवणे शहाणपणाचे. (त्याच पट्ट्यात चालणारे रडार आढळल्यामुळे होणारा चॅनेलबदल यात मोडत नाही, तो नियमाने सक्तीचा असतो आणि कोणत्याही वेळापत्रकाची वाट पाहत नाही.)

ऑटो पॉवरचा प्रश्न अगदी वेगळा आहे. ती प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा जोरदार शेजारी घेते आणि त्याचा सिग्नल ठरवलेल्या पातळीशी, मूळ सेटिंगमध्ये उणे ७० डीबीएमशी, ताडून पाहते (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचे एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). समजा कमाल पॉवर २० डीबीएम आहे आणि तिसरा शेजारी उणे ५८ डीबीएमवर ऐकू येतो. फरक १२ डीबी, म्हणून लक्ष्य ठरते ८ डीबीएम; म्हणजे १०० मिलिवॉटवरून सुमारे ६ मिलिवॉटवर. एक पायरी साधारण ३ डीबीची असल्याने ही चार पायऱ्यांची घसरण झाली.

या साऱ्या हिशेबात वापरकर्त्याचा फोन कुठेच नाही, आणि खरी गोम इथेच आहे. वसतिगृहात किंवा रुग्णालयात अ‍ॅक्सेस पॉइंट लांब बोळाच्या छताला ओळीने लावलेले असतील, तर ते एकमेकांना मध्ये काहीही आड न येता ऐकतात, ‘शेजारी फार जवळ आहेत’ असा निष्कर्ष काढतात आणि पॉवर उतरवत जातात; विटांच्या भिंतीपलीकडच्या खोल्या मात्र कोरड्या राहतात. कव्हरेजमधली भोके ओळखून पॉवर चढवणारी वेगळी सोय आहे, पण तिच्या भरवशावर मूळ मांडणी सोडून देणे योग्य नाही. म्हणून पॉवरला किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा माणसानेच घालाव्यात. मूळ सेटिंगमधल्या मर्यादा उणे १० ते ३० डीबीएम अशा असतात, म्हणजे व्यवहारात काहीच मर्यादा नसते. वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची, कारण फोनची प्रक्षेपणशक्ती सहसा कमी असते, आणि अ‍ॅक्सेस पॉइंट पूर्ण जोराने बोलला तर फोनवर भरलेल्या रेघा दिसूनही त्याचे उत्तर परत पोहोचत नाही.

तक्रार कोणत्या व्यवस्थेची, हे तिच्या स्वरूपावरून बऱ्याचदा कळते. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरची सगळीच मंडळी क्षणभर तुटून पुन्हा जोडली जात असतील, तर आधी चॅनेलबदलाची नोंद पाहावी. ठरावीक कोपऱ्यात सिग्नल कायमच अशक्त असेल आणि नोंदीत काहीच घडलेले नसेल, तर पॉवरची पायरी पाहावी.

लहान कार्यालयांसाठी एक बाब स्वतंत्रपणे सांगायला हवी. तिसऱ्या शेजाऱ्यावर आधारलेले हे गणित किमान चार अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकू आल्याशिवाय लागूच होत नाही, म्हणून दोन किंवा तीन अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जागेत ‘ऑटो’ निवडूनही पॉवर वरच राहते. तिथे चॅनेल ऑटोवर ठेवावे आणि पॉवर जागेवर मोजमाप करून हातानेच ठरवावी.