शंभर जण गातात, मग शंभरपट मोठं का ऐकू येत नाही?

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये हडर्सफील्ड म्हणून लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव आहे, तिथली कोरल सोसायटी, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा संघ (कॉयर), १८३६ पासून गातेय आणि गाणारे सगळे हौशी, पोटापाण्याचा धंदा वेगळाच. दर डिसेंबरला टाउन हॉलमध्ये हँडल या संगीतकाराचं 'मसाया' हे येशूवरचं मोठं समूहगान होतं आणि गावातलेच लोक ऐकायला येतात. आता प्रश्न असा की एवढे हौशी गळे एकत्र आले की नुसता गोंगाट का होत नाही?

आधी आवाजाचं बघू. सगळ्यांच्या ध्वनिलहरी अगदी एका ठेक्यात चालल्या असत्या तर शंभर जणांची ताकद एकाच्या दहा हजारपट झाली असती, पण तसं कधीच होत नाही, कुणाची लहर वर असताना दुसऱ्याची खाली असते, म्हणून ताकद शंभरपटच वाढते, म्हणजे २० डेसिबल (आवाज मोजायचं एकक), आणि आपल्या कानाला १० डेसिबल वाढले की साधारण दुप्पट वाटतं, म्हणजे शंभर जण एकट्यापेक्षा जेमतेम चौपट मोठे! माणसं दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात. त्यामुळे 'आवाज कमी पडतोय, अजून माणसं भरा' हा उपाय तसा महागच.

मग माणसं वाढवून मिळतं काय? खरी गंमत इथे आहे. एकाने ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) सूर लावला आणि शेजारच्याने ४४३ चा, तर सेकंदाला तीनदा आवाज वरखाली होतो, दोघंच असले तर ते चक्क बेसूर वाटतं. पण तीसजण असे थोडे थोडे इकडेतिकडे असले की त्या सगळ्या हेलकाव्यांची सरमिसळ होते, एकही वेगळा ऐकू येत नाही आणि आवाजाला तो भरीव मऊपणा येतो. कीबोर्डवरचं 'कोरस' बटण हेच करतं, त्याच आवाजाची जरा उशिराची, जरा हललेली कॉपी त्यातच मिसळतं. म्हणजे कॉयरचा गोडवा थोड्याशा चुकण्यातून येतो, माझ्या मते हे संगीतातलं सगळ्यात दिलासादायक विज्ञान आहे :)

पण 'थोड्याशा' हे महत्त्वाचं. ऑपेरातला सोलो गायक ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार आणतो, ऑर्केस्ट्रा तिथे कमजोर असतो म्हणून तो माईकशिवाय ऐकू येतो, तीच धार कॉयरमध्ये काढली की ब्लेंड, म्हणजे आवाजांचं एकजीव होणं, गेलंच. शिवाय आजूबाजूला आवाज वाढला की आपणही नकळत ओरडतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, गणपतीच्या आरतीत झांजा वाजायला लागल्या की होतं ना, अगदी तेच. मग स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि सूर सुटतो. म्हणून गायकांना जरा अंतर ठेवून उभं केलं तर फायदा होतो.

साथीशिवाय गाताना आणखी एक भानगड. पियानोचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर), पण साथ नसली की कॉयर आपोआप शुद्ध गंधाराकडे झुकतो, तंबोऱ्यातून ऐकू येतो तोच. कॉर्ड (एकत्र लावलेले सूर) बदलत गेल्या की हे बारीक फरक साठतात आणि पट्टी सरकते, बऱ्याचदा खाली, आणि सगळे बरोबरच सरकल्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही, शेवटी पियानोवर सूर वाजवून बघितला की कळतं.